आधी घर पाहावे, मग कुत्रा आणावा

ऑक्टोबरच्या चार तारखेस, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणादिवशी, आमच्या धर्मग्रामात पाळीव प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा छोटासा विधी होतो. सायंकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणी पिंजऱ्यातला पोपट घेऊन येतो, कुणी टोपलीत मांजर, तर कुणी साखळीला धरून कुत्रा. दोन वर्षांपूर्वी त्या सायंकाळी पिंपळे गुरवमधील एका कुटुंबाने अडीच महिन्यांचे पिल्लू आणले होते. दाट राखाडी-पांढरे केस, निळे डोळे, जात सायबेरियन हस्की. घरधनी चाकणच्या कारखान्यात पाळीवर कामाला, गृहिणी परिचारिका, दोन शाळकरी मुले आणि चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर. ही सारी माहिती मला होती. या घराला मी वर्षातून एकदा भेट देतो, त्यांच्या गॅलरीत उभे राहून चहाही घेतला आहे. तरीही धाकटा मुलगा, “फादर, याला आशीर्वाद द्या ना,” असे म्हणाला तेव्हा मी कौतुकाने पवित्र पाणी शिंपडले, पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकलो. एकही प्रश्न विचारला नाही.

पुढल्या मे महिन्यात एके सकाळी ते गृहस्थ त्या कुत्र्याला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “फादर, आता आम्हांला झेपत नाही,” एवढेच ते म्हणाले. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, तर कुत्रा दार ओरबाडणार. दोघेही कामावर गेले की तो तासन्‌तास हेल काढून रडणार. शेजाऱ्यांनी घरमालकाकडे तक्रार केली आणि मालकाने पंधरा दिवसांची मुदत दिली. ज्या गॅलरीत मी चहा घेतला होता, तेथेच तो सारा एप्रिल साखळीला बांधलेला होता. नऊ दिवस आम्ही त्याला आवारात झाडाखाली, ओल्या गोणपाटावर, पंखा लावून ठेवले. त्यानंतर प्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था त्याला घेऊन गेली. अशी हस्की आपल्याकडे आणखीही आहेत, असे नेणारी मुलगी सहज बोलून गेली. पुढल्या रविवारी धर्मशिकवणीच्या वर्गात त्या धाकट्याने मला विचारले, “फादर, तुम्ही त्याला आशीर्वाद दिला होता ना? मग तो का गेला?”

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते काही वाचकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

“प्रेम असले की सारे जमते,” हा या बाबतीत नेहमी होणारा युक्तिवाद आहे. मला तो मान्य नाही. त्या कुटुंबात प्रेमाची उणीव नव्हती. पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी पिल्लू घेतले होते, आणि ते देताना आई पदराने डोळे पुशीत होती. चूक प्रेमात नव्हती, ती निवडीत होती. कुत्र्याची जात म्हणजे रंग, केस आणि डोळे अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक जात म्हणजे काम होय. शेकडो वर्षे माणसाने विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट कामासाठी, पिढ्यान्‌पिढ्या निवडून जे घडविले त्याला आपण जात म्हणतो. ते काम, तो प्रदेश आणि ते हवामान त्या प्राण्याच्या रक्तात उतरलेले असते. पिल्लू विकत घेताना आपण तो सारा इतिहास घरी आणतो आणि त्याला दहा बाय बाराच्या खोलीत बसवतो.

हे सूत्र आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात उत्तम रीतीने पाहावयास मिळते. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतात सुमारे २४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी आश्रयगृह स्थापन केले. ऑगस्टिनियन परंपरेतील धर्मगुरू ते चालवीत आले. हिमवादळात वाट चुकलेल्यांना शोधण्यासाठी त्यांनी जे धिप्पाड कुत्रे वाढविले, तेच आजचे सेंट बर्नार्ड. त्यांतील १८०० साली जन्मलेल्या ‘बॅरी’ने चाळीसहून अधिक जीव वाचविले असे परंपरा सांगते, त्याचे जतन केलेले शरीर आजही बर्न शहराच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. गळ्यातल्या मद्याच्या पिंपाची गोष्ट मात्र दंतकथा आहे.

मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची घटना. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कडक हिवाळ्यांत आश्रयगृहातील अनेक कुत्रे दगावले. तेव्हा १८३० च्या सुमारास त्यांचा संकर न्यूफाउंडलंड जातीशी करण्यात आला. नवी पिल्ले लांब केसांची आणि दिसायला अधिक देखणी निपजली. परंतु त्या लांब केसांत बर्फ अडकून गोठू लागला, कुत्रे जड होऊन थकू लागले. आश्रयगृहाच्या धर्मगुरूंनी काय केले? आखूड केसांचे कुत्रे आपल्याकडे ठेवले आणि लांब केसांचे देखणे कुत्रे खालच्या दरीतील लोकांना देऊन टाकले. सौंदर्याचा मोह त्यांना पडला नाही. आपले घर कसे आहे, तेथे काम काय आहे आणि हवा कशी आहे, हे त्यांनी आधी पाहिले. आपण नेमके याच्या उलट करतो. दरीतल्या लोकांना दिलेला तो लांब केसांचा, साठ किलोंहून अधिक वजनाचा कुत्रा आज आपल्या औद्योगिक पट्ट्यात, पारा चाळिशीला टेकत असताना, बंद फ्लॅटमध्ये धापा टाकीत पडलेला मी पाहिला आहे.

हीच कसोटी इतर जातींना लावून पाहू. हस्की हा सायबेरियाच्या ईशान्य टोकाकडील चुकची लोकांनी बर्फावर घसरगाडी ओढण्यासाठी वाढविलेला कुत्रा. मैलोगणती धावणे हा त्याचा स्वभाव आणि दुहेरी केसांची लोकर हे त्याचे पांघरूण. ते पांघरूण त्याला वैशाखात उतरवून ठेवता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकूनच तो शरीर थंड करतो. जर्मन शेफर्डची जात मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ पासून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून बांधली. दिवसभर कळपाभोवती फिरणाऱ्या, सतत काही तरी राखण्याची वृत्ती असलेल्या त्या बुद्धिमान प्राण्याला आपण निष्क्रिय ठेवतो, आणि तो मुलांच्या मित्रांवर गुरगुरू लागला की ‘बिघडला’ म्हणतो. लॅब्राडोर मुळात न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांचा सोबती. थंड पाण्यात उड्या घेऊन जाळी आणि मासे ओढून आणणारा, म्हणून अंगात रग आणि पोटात भूक. स्वभावाने तो सालस, यात शंका नाही. पण फिरणे नसेल तर तो सुटतो आणि कंबरेच्या सांध्यांचे दुखणे ओढवून घेतो. शिवाय तीस किलोंचा लॅब्राडोर जिन्यावरून साखळी ओढीत उतरला, तर गुडघे दुखणाऱ्या आजीबाई त्याच्या मागे कशा राहतील, याचाही विचार करावा.

लहान जातींचीही हीच कथा. डॅशहंड बिळातला बिज्जू हुडकण्यासाठी घडविलेला. त्याच्या लांब पाठीच्या कण्याला लिफ्ट नसलेल्या इमारतीचे चार मजले सोसत नाहीत. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. स्वभावाने तो लहान घरास योग्यच. परंतु आपण कौतुक करतो ते त्याचे चपटे नाक हेच त्याचे दुखणे आहे. त्या नाकातून त्याला नीट श्वास घेता येत नाही आणि उन्हाळ्यात शरीर थंड राखता येत नाही. त्याचे घोरणे ऐकून आपण हसतो, आणि तो बापडा हवेसाठी झगडत असतो. त्यामानाने १९९४ च्या ‘हम आपके है कौन’ चित्रपटातील ‘टफी’मुळे लोकप्रिय झालेला, आपण सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतो तो भारतीय स्पिट्झ आपल्या घरांना आणि हवेला बराच मानवला होता. तो भुंकतो फार, एवढे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

यावर कुणी स्वदेशीचा मुद्दा काढील. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये भारतीय जातींचे कुत्रे पाळण्याचे आवाहन केले, मुधोळ हाउंडचे नाव घेतले आणि त्याच वेळी बीडच्या पोलीस दलातील ‘रॉकी’ या श्वानाला सन्मानपूर्वक दिलेल्या निरोपाचीही आठवण केली. त्यानंतर आपल्याही भागात मुधोळ, कारवानी यांची विचारपूस वाढली. दख्खनच्या पठारावरचा हा कुत्रा खरोखर अभिमान वाटावा असा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला जपले, २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले, २०१६ साली त्याची पिल्ले लष्कराने प्रशिक्षणासाठी मीरतला नेली. पण तो आहे नजरेने शिकार टिपून मोकळ्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा. सोलापूर, सांगलीकडच्या शेतावर तो शोभतो. आमच्या डायनासोर गार्डनच्या कडेच्या पदपथावर, दुचाक्यांच्या गर्दीतून साखळीने ओढत नेल्यास त्याचाही हस्कीच होतो. देशाभिमान हेदेखील जात निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

सरकारने या प्रश्नात हात घातला, तोही दुसऱ्याच टोकाने. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांची विक्री आणि पैदास थांबविण्यास राज्यांना सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. कोणती जात धोकादायक याची यादी करणे सोपे असते. कोणते घर कोणत्या जातीला अयोग्य, ही यादी कोणतेही सरकार करू शकणार नाही. ती ज्याची त्यानेच करावयाची आहे. आहेत ते नियम तरी आपण पाळतो काय? २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना त्याची आई आणि ती राहते ती जागा दाखवा, असे आपल्यापैकी किती जण म्हणतात? मोबाइलवर छायाचित्र पाहून, रस्त्याच्या कडेला मोटारीतून पिल्लू ताब्यात घेणाऱ्याला नंतर त्याच्या आजारपणाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

तर मग आपले घर पाहू. पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, कासारवाडी या पट्ट्यातील आपली बहुसंख्य कुटुंबे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, शेवगाव या भागांतून कारखान्यांच्या आधाराने येथे आली. गावाकडे वस्तीवर मोत्या, खंड्या होताच. त्याची जात कुणी विचारली नाही, त्याला साखळी लागली नाही. दिवसभर हुंदडून रात्री तो गोठ्याशी येऊन बसे. ती आठवण मनात धरून आपण शहरात कुत्रा आणतो, पण ती वस्ती, तो गोठा आणि घरी सदैव असणारी माणसे आणत नाही. येथे पहाटे साडेपाचला कंपनीची बस, दुपारी घराला कुलूप, रात्री थकवा. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरविणे ही किमान गरज धरली, तरी वर्षाला ३६५ तास होतात. बारा वर्षांच्या आयुष्यात ४३८०. म्हणजे रात्रंदिवस धरून पुरे सहा महिने. एवढा वेळ कुटुंबातील नेमके कोण देणार, हे नावानिशी ठरल्याखेरीज पिल्लू आणणे हा त्या प्राण्यावर अन्याय आहे. “मुले फिरवतील,” हे उत्तर मी ग्राह्य धरीत नाही. दहावीचे वर्ष सर्वांनाच येते.

आणखीही प्रश्न आहेत. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती लेखी आहे काय? सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आणि नाताळात गावी जाल, तेव्हा त्याला कोण सांभाळील? दरवर्षीची रेबीजची लस, नसबंदी, महापालिकेचा परवाना यांचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरला आहे काय? वाटेवर केलेली घाण उचलण्याची लाज तर वाटणार नाही ना? यांतील दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की त्या घराला योग्य अशी एकही जात नाही. पती-पत्नी दोघेही पाळीवर जाणाऱ्या, मुले लहान असलेल्या घराने कुत्रा न पाळणे यात कमीपणा कसला? तीही एक माया आहे.

ज्यांची उत्तरे होकारार्थी आहेत त्यांनी जातीपेक्षा स्वभाव पाहावा. निवृत्त जोडप्याने पिल्लाचाच हट्ट धरू नये. तीन-चार वर्षांचा, शांत म्हणून पारखलेला कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचे शी-शू शिकविणे नको, चपला कुरतडणे नको. तळमजल्यावर अंगण असलेल्या, घरी सतत कुणी तरी असलेल्या कुटुंबाने लॅब्राडोर पाळला तर माझी हरकत नाही. पण बहुतेकांना मी सुचवीन तो आपला गावठी कुत्रा. आखूड केस, मध्यम अंगलट, याच उन्हापावसात शतकानुशतके टिकलेला वंश. मिश्र रक्तामुळे कित्येक आनुवंशिक दुखण्यांपासून बराचसा दूर. भाद्रपद सरला की दोन महिन्यांनी गल्लोगल्ली पिल्ले जन्मतात आणि नाताळच्या सुमारास ती आईपासून दूर करण्याजोगी होतात. विकत काहीच घ्यावे लागत नाही. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. तो परक्याला चटकन जवळ करीत नाही, भुंकून हद्द राखतो, त्यालाही फिरणे लागतेच. आणि वर्षानुवर्षे रस्त्यावर वाढलेला मोठा कुत्रा चार भिंतींत रमेलच असे नाही. म्हणून पिल्लू घ्यावे.

“गावठी काय पाळायचा, लोक काय म्हणतील?” हा आक्षेप मी आपल्याच मंडळींकडून ऐकला आहे, आणि त्याने मला मनापासून दुःख झाले. जात पाहून प्रतिष्ठा ठरविणाऱ्या समाजव्यवस्थेचे चटके ज्यांच्या पूर्वजांनी सोसले, त्यांनी तोच शब्द कुत्र्याच्या निमित्ताने घरात घ्यावा काय? टोबीतच्या ग्रंथात तरुण टोबिया देवदूताबरोबर प्रवासास निघतो, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. ग्रंथकाराने त्याची जात सांगितलेली नाही.

भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाने त्रासलेल्यांचा राग मी समजू शकतो. परंतु २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील प्रश्नाचा विचार करताना, प्राणिप्रेमींना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल असे म्हटले आणि एकदा दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. दत्तक शब्दाचा पुरा अर्थ त्या अटीत आहे.

“माणसे उपाशी असताना फादरांना कुत्र्यांची चिंता!” असेही कुणी म्हणेल. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा अग्रक्रमाने लागला पाहिजे तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. दिखाऊ जातीचे पिल्लू महागड्या किमतीला घेऊन मग त्याला गॅलरीत बांधून ठेवणारा माणूस ही दोन्ही वचने एकाच वेळी मोडतो. म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

गेल्या चार ऑक्टोबरला मी विधीपूर्वी प्रत्येक नव्या पिल्लाच्या घरच्यांना तीनच प्रश्न विचारले: दुपारी घरी कोण असते, फिरविणार कोण, आणि गावी जाताना ठेवणार कोठे? एक कुटुंब रागावून आशीर्वाद न घेताच निघून गेले. मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. हे प्रश्न पिल्लू घेण्यापूर्वी विचारावयास हवे होते, नंतर नव्हे. यंदापासून ते सप्टेंबरातच, रविवारच्या घोषणांत विचारण्याचा माझा विचार आहे.

आणि त्या धाकट्या मुलाला सांगावयाचे ते असे: बाळ, तुझा कुत्रा गेला तो आशीर्वाद कमी पडला म्हणून नव्हे आणि तुझी माया कमी पडली म्हणूनही नव्हे. त्याला बर्फ आणि मोकळे मैदान हवे होते, आणि आपल्याजवळ चौथ्या मजल्यावरची गॅलरी होती. हे तुला कळण्याचे वय नव्हते. मला होते, आणि तरीही मी विचारले नाही.